हट्टी 'च' आणि बागेतल्या शंभर जणी : रोजच्या जगण्यातल्या थेरपीची गोष्ट

आजच्या भागात जायचंय १९३३ च्या न्यूयॉर्कमध्ये. ब्राँक्स भागातली बोटॅनिकल गार्डन. १९ वर्षांचा एक पोरगा, भयंकर लाजाळू. मुलींशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. त्याने स्वतःलाच एक होमवर्क दिला : बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिनाभर, रोज.

महिन्यात त्याला १३० जणी भेटल्या. ३० उठून निघून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी तो बोलला. त्यातली एक भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही!

म्हणजे निकाल शून्य. पण या पोराच्या लक्षात आलं, की कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही. ज्याची एवढी धास्ती होती ते शंभर वेळा झालं आणि आपण अजून धडधाकट आहोत. भीती गेली. हा पोरगा म्हणजे अल्बर्ट एलिस, पुढे विसाव्या शतकातला एक मोठा मानसोपचारतज्ज्ञ.

त्या काळी थेरपी म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ. फ्रॉइडच्या पद्धतीत माणूस कोचावर आडवा होऊन बालपणीचं सगळं आठवत बोलायचा. आठवड्यातून अनेकदा, कित्येक वर्षं. म्हणजे भरपूर पैसा आणि भरपूर वेळ असलेल्यांचं काम. एलिसनेही सुरुवातीला हीच पद्धत वापरली. पण त्याला दिसायचं की लोकांना आपल्या दुःखाचं मूळ कळतं आणि तरी दुःख काही कमी होत नाही. शेवटी १९५५ मध्ये त्याने स्वतःची पद्धत मांडली. आज तिला आरईबीटी म्हणतात. मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार.

तिचा गाभा एबीसी इतका सोपा आहे. ए म्हणजे घटना. सी म्हणजे त्यानंतर होणारा त्रास. आपल्याला वाटतं, ए मुळे सी झालं. मॅनेजर बोलला म्हणून माझा दिवस खराब गेला. एलिस म्हणतो, थांबा, मध्ये बी आहे : त्या घटनेबद्दलची तुमची समजूत. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच पटेल. इनपुट तेच असलं तरी मधलं फंक्शन बदललं की आउटपुट बदलतं. ही कल्पना आपली एकट्याची आहे असं एलिसने कधी म्हटलं नाही. रोमन काळात गुलाम म्हणून जन्मलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाला तो श्रेय द्यायचा.

मग या बी मध्ये बिघडलेलं काय असतं? एलिसच्या मते, 'मस्ट'. आणि इथे मराठी माणूस नशीबवान, कारण आपल्याकडे हा आजार एका अक्षरात मावतो : 'च'. 'प्रमोशन मिळावं' ही इच्छा. 'प्रमोशन मिळालंच पाहिजे' हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही की वाईट वाटतं. हट्ट पुरा झाला नाही की माणूस कोसळतो.

दोन वर्षांपूर्वी अप्रेझलच्या दिवसांत रविवारी संध्याकाळपासूनच माझ्या पोटात गोळा यायचा. मी थेरपिस्टकडे गेलो. कोच नव्हता, साधी खुर्ची होती. त्यांनी मला वहीत दोन रकाने आखायला लावले. एकात काय घडलं, दुसऱ्यात मी मनात काय म्हणालो. दुसऱ्या रकान्यात जवळपास प्रत्येक ओळीत 'च' होता. आठ सेशन झाली. मॅनेजर तोच, डेडलाइन त्याच. पण रविवार मला परत मिळाला.

अर्थात, 'विचार बदल, सगळं ठीक होईल' असं म्हणून कुणी ऑफिसातला अन्याय किंवा घरातली मारहाण सोसायला सांगत असेल, तर ती थेरपी नव्हे. डोकं शांत झालं की राजीनामा देणं, तक्रार करणं उलट सोपं जातं.

पण याचा खरंच उपयोग होतो का? हा वादही जुना आहे. १९५२ मध्ये लंडनच्या हान्स आयझेंक यांनी बाँबच टाकला : उपचार घेणारे आणि न घेणारे साधारण सारख्याच प्रमाणात बरे होतात! उत्तर मिळायला २५ वर्षं लागली. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी पावणेचारशे अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष : थेरपी घेतलेला सरासरी माणूस, न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या अवस्थेत असतो. दरम्यान फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांवर काम करत अशीच वाट स्वतंत्रपणे शोधली. आज आपण ज्याला सीबीटी म्हणतो, तिच्या मुळाशी बेक आणि एलिस ही दोन नावं आहेत.

आणि हे सगळं मराठीत कधीच आलंय बरं का! कि. मो. फडके यांचा एलिसशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार होता. त्यांनी ही पद्धत मराठीत आणली, शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था सुरू केली आणि 'मनाचं आरोग्य' हा विषय शाळा-कॉलेजांपर्यंत नेला. म्हणजे 'हे अमेरिकन फॅड आहे' असं काका म्हणाले, तर त्यांना ही दोन नावं सांगा.

एलिसने आणखी एक गोष्ट केली. १९६० च्या दशकापासून तो न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारी संध्याकाळी खुली कार्यशाळा घ्यायचा. नाममात्र फी. कुणीही स्टेजवर यावं, आपला प्रॉब्लेम सांगावा. प्रॉब्लेमही रोजचेच : आळस, राग, ब्रेकअप, लोक काय म्हणतील. त्याचं म्हणणं साफ होतं, की मन सांभाळायला आधी मोडून पडायची गरज नाही.

आपल्याकडे फी हा खरा अडसर आहे, मान्य. पण ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ हा नंबर, फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवा. फार त्रास होत असेल तर वाट न बघता लावा.

आणि आज रात्री एक छोटा होमवर्क. दिवसभरात जे खुपलं, ते एका वाक्यात लिहा. मग त्यातला 'च' शोधा. तो काढून वाक्य पुन्हा वाचा. दुःख उरेलच कदाचित, पण ते पेलेल एवढंच असेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!