टपालवाला आणि राष्ट्राची संपत्ति

इ. स. १७७८ सालीं अॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाची स्कॉटलंडच्या जकात खात्यांत कमिशनर म्हणून नेमणूक झाली. वेतन वर्षास सहाशें पौंड. १७९० मध्यें मरण येईपर्यंत तो त्या जागेवर होता. यांतील मौज अशी कीं, दोनच वर्षांपूर्वीं प्रसिद्ध झालेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथांत त्यानेंच राजा, न्यायाधीश, सैन्य व आरमार यांतील झाडून सारी मंडळी अनुत्पादक श्रम करणाऱ्यांच्या पंगतीस बसविली होती. त्याच पंगतींत धर्मोपदेशक, वकील, वैद्य, नट आणि गवईहि होते, एवढेंच काय तें समाधान!

स्मिथचें म्हणणें उथळ नव्हतें. हीं कामें निरुपयोगी आहेत असें तो म्हणत नाहीं. कोष्ट्याच्या श्रमांतून लुगडें तयार होतें, तें उद्यां विकतां येतें. शिपायाच्या आजच्या पहाऱ्यांतून उद्यां विकण्याजोगें कांहींच शिल्लक राहत नाहीं, अशी ती विचारसरणी. फ्रान्समध्यें से यानें १८०३ सालीं व जर्मनींत फ्रीड्रिख लिस्ट यानें १८४१ सालीं या मताचा समाचार घेतला. या हिशेबानें डुकरें पोसणारा उत्पादक आणि माणसें शिकविणारा अनुत्पादक ठरतो, हा लिस्टचा टोला शिक्षकवर्गानें तरी विसरूं नये.

आपल्याकडे दादाभाई नौरोजींनीं १८६७ ते १८७० या काळांतील हिंदुस्थानचें दरडोई उत्पन्न वीस रुपये काढलें, तें पिकलेल्या व तयार झालेल्या मालावरूनच. नोकरांच्या सेवेला त्यांत स्थान नव्हतें. मात्र दादाभाईंचा खरा कटाक्ष निराळ्या जागीं होता. ज्या अंमलदाराचा पगार व पेन्शन विलायतेंत खर्च होतें, तो येथील करदात्याच्या घरांतून जें नेतो तें परत येत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें. आणि तें खोडून काढणें राज्यकर्त्यांना कधींच नीट साधलें नाहीं.

आतां, सरकारच्या हातून व्यापार होत नाहीं असें मानणाऱ्या स्मिथनें एका खात्यापुरती माघार घेतली होती. टपालाचा व्यापार तेवढा सर्व तऱ्हेच्या सरकारांना साधला आहे, अशी त्याची कबुली आहे. तेव्हां परीक्षा त्याच खात्याची घ्यावी.

रोलंड हिल हा पूर्वाश्रमीचा शाळामास्तर. पत्र वाहून नेण्यास खर्च फारच थोडा येतो, आणि अंतर मोजणें, आकार लावणें, तो वसूल करणें यांतच पैसा जातो, असें त्यानें १८३७ सालीं दाखवून दिलें. १८४० पासून इंग्लंडांत एका पेनीस कोठेंहि पत्र जाऊं लागलें. १८३९ सालीं साडेसात कोटींच्या आसपास असलेलीं पत्रें एका वर्षांत सतरा कोटींच्या घरांत गेलीं. तिजोरींत पडणारी निव्वळ शिल्लक मात्र एकदम सुमारें तिसऱ्या हिश्शावर आली, आणि ती पूर्वपदावर येण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. वहीपुरतें पाहणाऱ्यानें हिलला दिवाळखोर ठरविलें असतें.

हिंदुस्थानांत हाच बदल १ ऑक्टोबर १८५४ रोजीं झाला. पूर्वीं कलकत्त्याहून मुंबईस पत्र धाडावयाचें तर तोळ्यास रुपया पडे. आतां पाव तोळ्याचें पत्र अर्ध्या आण्यांत देशभर जाऊं लागलें. त्या वेळीं देशांत टपालकचेऱ्या ७०१ होत्या. १८७९ सालीं पैशाचें कार्ड निघालें, १८८० सालीं मनिऑर्डर आणि १८८२ सालीं टपालाची बचत बँक.

यांत मनिऑर्डरची कथा कोंकणच्या माणसांना सांगावयास नको. १८५४ सालींच कावसजी दावर यांनीं मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८५६ त तिचें चाक फिरूं लागलें. पुढें गिरण्या वाढल्या व त्यांबरोबर घाटावरून आणि कोंकणांतून येणारी माणसेंहि. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईच्या वस्तीपैकीं सुमारें एक पंचमांश माणसें रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं होतीं. पुरुष चाळींत, बायकामुलें गांवीं. हुंडी ही पेढीवाल्याची सोय. पांचसात रुपये धाडणाऱ्याला गांवीं निघालेल्या सोबत्याच्या कनवटीवरच भरंवसा ठेवावा लागे. मनिऑर्डरनें तो धोका संपला. आगबोटींतून बंदरावर टपालाच्या थैल्या उतरत, हरकारा त्या घेऊन खाड्या व घाट्या ओलांडी, आणि पोस्टमन ओटीवर बसून रुपये मोजी, बाईचा अंगठा घेई व फॉर्माच्या तुकड्यावरील चार ओळी वाचून दाखवी.

त्या रुपयांनीं कोंकणांत कारखाने निघाले नाहींत. तांदूळ, सारा आणि सावकाराचें व्याज यांतच ते बहुतेक संपले. मग वाढ कोठें झाली? ती गिरणींत पाहावी. ज्याचें कुटुंब गांवच्या शेताच्या तुकड्यावर व मनिऑर्डरीवर तगून होतें, तो मजूर मुंबईंत दाटीवाटीनें एकटा राहूं शकला. कुटुंबाचें बिऱ्हाड चालेल एवढें वेतन मालकाला द्यावें लागलें नाहीं. हरकाऱ्याच्या श्रमाचा मोठा वांटा मालकाच्या नफ्यांत गेला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

टपालखात्याच्या वहींत यापैकीं फक्त कमिशन जमा. शाळा, न्यायालय, सरकारी दवाखाना यांचें तर तेवढेंहि नाहीं. त्यांची सेवा बाजारांत विकली जात नाहीं, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबांत तिचें मोल बहुतेक ठिकाणीं नोकरांचे पगार व इतर खर्च एवढेंच धरतात. दहा मुलें शहाणीं होवोत वा शंभर, आंकडा तोच. अर्थात् नुसती खुर्ची उबविणारा कारकूनहि याच हिशेबानें आपल्या पगाराइतका उत्पादक ठरतो, हेंहि विसरतां येत नाहीं. इंग्लंडांत २००५ सालच्या अॅटकिन्सन अहवालानें प्रत्यक्ष कामाचें मोजमाप करण्याच्या वाटा सुचविल्या; पण न्यायाधीशाचें काम निवाड्यांच्या संख्येनें मोजावें कीं न झालेल्या भांडणांच्या, हें कोण ठरविणार?

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. कागदी मनिऑर्डरची जुनी पद्धत २०१५ सालीं थांबली व तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनिऑर्डरनें घेतली. मुंबईहून थेट रत्नागिरीस जाणारी आगगाडी मिळाली ती या दोहोंच्या मध्यें, १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेमुळें. आणि ती बांधणारें महामंडळहि सरकारीच.