गरज बिलचीच होती

अमेरिकेतले ॲक्रन हे टायरचे गाव. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन तिथे एका यंत्रकंपनीचा ताबा मिळवण्याच्या लढतीत हरला आणि मेफ्लॉवर हॉटेलात एकटाच उरला. दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते, खिशात फारसे पैसे नव्हते आणि लॉबीपलीकडच्या बारमधला कल्ला ऐकू येत होता. बिल टेलिफोनकडे वळला. चर्चच्या यादीतून त्याने एक पाद्री गाठला आणि चौकशी केली, की गावात दारूत बुडालेला एखादा माणूस भेटेल का?

पाद्र्याला काय वाटले असेल कोण जाणे! पण या फोनमधून पुढचे फोन झाले, हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंनी मध्यस्थी केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी दारूच्या आहारी गेलेले शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ बिलसमोर येऊन बसले. पंधरा मिनिटांत उठायचे, असे ते ठरवूनच आले होते. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

उपदेश तर डॉक्टरांनी आयुष्यभर ऐकला होता. हा गृहस्थ मात्र स्वतःच्याच पिण्याची कथा सांगत होता आणि वर कबूल करत होता, की मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आलोय. याआधी न्यूयॉर्कमध्ये बिलने कित्येक दारुड्यांमागे धावाधाव केली होती आणि त्यातला एकही सुटला नव्हता. तो खचला, तेव्हा पत्नी लोइसने एक गोष्ट त्याच्या लक्षात आणून दिली: या खटाटोपात निदान तो स्वतः तरी कोरडा राहिला होता. ॲक्रनच्या लॉबीत त्याला नेमके तेच आठवले असावे.

मध्ये एकदा डॉक्टर घसरले. पण १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि तीच तारीख ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या मद्यपींच्या संघटनेचा, म्हणजे ‘एए’चा, स्थापना दिवस ठरली. लगेच दोघे मिळून गावातल्या रुग्णालयात तिसरा माणूस शोधायला निघाले. पुढे सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांच्या साथीने डॉ. बॉब यांनी १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे ५,००० दारुड्यांवर उपचार केले, तेही फी न घेता. हे सगळे कशासाठी, याची चार कारणे त्यांनी लिहून ठेवली आहेत. कर्तव्य, आनंद आणि ऋणफेड ही पहिली तीन कुणीही देईल. चौथे कारण व्यवहारी आहे: दुसऱ्याला हात दिला, की आपण पुन्हा घसरण्याविरुद्ध थोडा विमा उतरतो.

दारूतून सुटण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांतली शेवटची पायरी याच कामाची. मध्यरात्री आलेला फोन उचलायचा, मीटिंगआधी खुर्च्या मांडायच्या, कॉफी करायची, नव्या माणसाजवळ जाऊन बसायचे. यात पैसा नाही, आणि नावाचे म्हणाल तर ते आडनावासकट बाहेरच ठेवायचे.

शास्त्राने याची दखल जरा उशिरानेच घेतली. १९६५ मध्ये फ्रँक रीसमन यांनी मांडले, की मदत करणाराच अनेकदा जास्त सावरतो. २००४ मध्ये मारिया पगानो आणि सहकाऱ्यांनी उपचार घेतलेल्या मद्यपींच्या एका मोठ्या प्रयोगाची आकडेवारी तपासली. इतर व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक पुढच्या वर्षभरात दारूला शिवले नव्हते. न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. अर्थात मुळात जे सावरत होते, तेच मदतीला धावले, असेही असू शकते. पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मुंबईत एएचे काम १९५७ मध्ये सुरू झाले आणि आता मराठीतही मीटिंगा भरतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, तेव्हा शहरातली तरुण पोरे गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात होती. तिथले अनेक समुपदेशक एकेकाळचे रुग्ण आहेत. नव्या पेशंटशी बोलताना त्यांना स्वतःचे जुने दिवस पुनःपुन्हा उकरावे लागतात, आणि त्यामुळे ते विसरायची सोय राहत नाही. नव्याची पहिली थापही तिथे चालत नाही, कारण समोरच्याने ती स्वतः मारलेली असते.