शीप क्रीक, सकाळचे सव्वादहा

2012 च्या हिवाळ्याची सुरुवात
कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात सुरुवातीचा बर्फ बेताचाच पडला. पातळ थर, वर मोकळं आभाळ, रात्री कडाक्याची थंडी. खाली जमीन मात्र शून्याच्या आसपास. या तफावतीमुळे वाफ बर्फातून वर सरकत राहते आणि तळाशी मोठे, कोरडे, पैलूदार दाणे तयार होतात. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही, जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात. पुढचा सगळा हिवाळा याच तळावर रचला गेला. खरं घड्याळ इथेच सुरू झालं.

18 एप्रिल 2013
एप्रिलच्या वादळांनी वर आणखी भार टाकलाय. कोलोरॅडोतल्याच वेल पासच्या दक्षिणेला हिमस्खलनात एका स्नोबोर्डरचा मृत्यू. शीप क्रीकच्या दुर्घटनेच्या दोन दिवस आधीची ही सूचना, याहून स्पष्ट काय हवं?

20 एप्रिल, शनिवार, पहाट
वसंतात डोंगरात जाणाऱ्यांचा एक ठरलेला हिशेब असतो. रात्री पृष्ठभाग गोठतो, सूर्य चढला की आधी पूर्वेचे, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे उतार ओले होऊन घसरतात. म्हणून लवकर निघायचं, ऊन तापायच्या आत परतायचं. हिशेब चोख आहे, पण उन्हाच्या उतारांपुरता. उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर एप्रिलमध्येही जानेवारीच असतो.

सकाळ
लव्हलँड पास, उंची सुमारे 3,650 मीटर. बॅकंट्रीत, म्हणजे स्की-रिसॉर्टबाहेरच्या डोंगरात भटकणाऱ्यांचा मेळावा भरलाय. त्यातले सहा जण जवळच्या शीप क्रीक ओढ्याच्या बाजूला जायचं ठरवतात. हे नवशिके नव्हेत. सकाळचं हिमस्खलनाचं बुलेटिन त्यांनी वाचलंय: खोलवरचा कमकुवत थर, उत्तरेकडचे उतार टाळा. तो धोका चुकवण्यासाठीच त्यांनी दुसरा, सुरक्षित वाटणारा उतार निवडलाय. अडचण एवढीच की तिथे पोचायला उत्तरेकडच्या एका उताराच्या पायथ्यातून जावं लागतं.

दहाच्या सुमारास
पायथ्याचा पट्टा धोक्याचा आहे हे त्यांना दिसतं. उपाय ठरतो: एकमेकांत पंधराएक मीटर अंतर ठेवायचं, समोरच्या झाडांच्या छोट्या पुंजक्यापर्यंत पोचायचं. पुस्तकात सांगितलंय तेच, पण मोजपट्टी चुकली. वर बसलेली बर्फाची लादी जवळजवळ अडीचशे मीटर रुंद सुटणार होती. तिच्या दृष्टीने पंधरा मीटरवरचे सहा जण म्हणजे एकाच जागी उभे असलेले सहा जण.

10:15
पुढचे झाडांपाशी पोचलेत, मागचे जवळ आलेत. पायाखाली बर्फ एकदम खचतो, ‘धुप्प’ असा दबका आवाज होतो. मग काही सेकंद काहीच नाही. या सेकंदांत तळातला दाण्यांचा थर एकामागोमाग एक कोसळत तडा वर उतारात नेत असतो. लादी सुटायला तिच्यावर चढावंच लागतं असं नाही, हे ऐकून बहुतेकांना खरं वाटत नाही. सगळे झाडांकडे धावतात. लादी वर तुटते, काही ठिकाणी पुरुषभराहून उंच कडा मागे ठेवून. सहाही जण सापडतात.

10:30
गाडलेल्या माणसाला दहा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासानंतर ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्यामुळेच बीकन (गाडलेल्याचा माग लागावा म्हणून संदेश सोडणारं यंत्र), फावडं, शोधकाठी सोबत बाळगायची. पण बीकनचा उपयोग वर उभ्या असलेल्या सोबत्याला. इथे वर कुणीच उरलं नव्हतं. संदेश जात होते, ऐकणारं कुणी नव्हतं.

एक जण जिवंत आहे. जवळजवळ पूर्ण गाडलेला, पण एक हात थोडा हलवता येतोय. त्या हाताने तो तोंडापुढचा बर्फ बाजूला करतो. बाकी शरीर आवळलेलं. थांबलेलं स्खलन काही क्षणांत दगडासारखं घट्ट होतं.

दुपार
स्खलन झाल्याचं बाहेर कळतं, बचावपथकं आणि मेळाव्यातली माणसं धावतात. सुमारे चार तास अडकून पडलेल्या त्या एकाला बाहेर काढतात. बाकीचे पाच जण मृत, काही तीन मीटरहून खोल. कोलोरॅडोत 1962 नंतर एका स्खलनात इतके बळी गेले नव्हते. वाचलेल्या त्या माणसाने जे सांगितलं, त्यावरच सव्वादहाच्या आधीचा हा बराचसा घटनाक्रम उभा आहे.