चावीचा 'च'

उल्हासनगरच्या बाजारात कुलपाच्या दुकानापाशी उभे राहिले, तर एकाच वस्तूची तीन नावे कानांवर पडतात : किल्ली, कुंजी आणि चावी. 'किल्ली' ही 'खीळ', 'खिळा' या शब्दांच्या गोतातली. 'कुंजी' मूळची संस्कृत 'कुञ्चिका'. फाळणीनंतर येथे वसलेल्या सिंधी कुटुंबांच्या बोलीत ती रोजची आहे. 'चावी' मात्र समुद्रमार्गे आली. बदलापूरवरून वाहणारी उल्हास नदी ज्या वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, तेथे १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. पाव, पगार, घमेले यांच्याप्रमाणेच चावीही त्यांच्या भाषेतली.

पोर्तुगीज शब्द 'chave' देवनागरीत 'चावे' असा लिहू. तो लॅटिन 'क्लावेम'पासून (मूळ रूप 'क्लाविस') झाला. याच शब्दाचे फ्रेंचमध्ये 'क्ले', इटालियनमध्ये 'किआवे', स्पॅनिशमध्ये 'यावे' झाले. 'क्ल'चा कोठे 'कि', कोठे 'य', तर कोठे 'च'! हा योगायोग नव्हे, हे कसे ओळखावे? दुसरा शब्द तपासून. लॅटिन 'क्लामारे' म्हणजे ओरडणे, हाक मारणे. त्याचे इटालियनमध्ये 'किआमारे', स्पॅनिशमध्ये 'यामार' आणि जुन्या पोर्तुगीजमध्ये 'चामार' झाले. बदल तोच, त्याच जागी. आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांना हा पुरावा पटतो, कारण त्यावरून पुढचे भाकीत करता येते.

नुसते साम्य मात्र फसवे असते. लॅटिनमध्ये 'क्लावुस' म्हणजे खिळा, संस्कृतात 'कील' म्हणजेही खिळाच; तेव्हा किल्ली आणि चावी सख्ख्या बहिणी, असे कोणी फळ्यावर लिहील. पण लॅटिन शब्दाच्या धातूत 'ल'नंतर 'व' किंवा 'उ' आहे, रशियन 'क्ल्युच'मध्येही तो दिसतो. 'कील'मध्ये त्याचा मागमूस नाही. इंग्रजी 'की'सुद्धा या कुळातली नाही. तिच्याशी जुळणारे शब्द इंग्रजीच्या शेजारच्या फ्रिजियन भाषेत सापडतात, लॅटिनमध्ये नाहीत. उलट, जीवशास्त्राच्या पुस्तकातले 'क्लॅव्हिकल', म्हणजे गळ्याजवळचे हाड, हे खरोखरच 'छोटी किल्ली' आहे.

आता त्या 'च'कडे पाहू. आज लिस्बनमध्ये हा शब्द 'शाव्ह'सारखा ऐकू येतो. सोळाव्या शतकात मात्र तेथेही 'च'च होता. त्याचा 'श' पुढे झाला, आणि उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत 'च' अजून टिकून आहे. म्हणजे आपल्याकडे शब्द आला तो हा बदल पसरण्यापूर्वीच्या उच्चारासह. मराठीने तो जपला, फक्त शेवटच्या 'ए'ची 'ई' करून किल्ली-कुंजीच्या पंक्तीला बसवला.

या तीन गावांतल्या शाळांत घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले शेजारी बसतात. त्यांच्याकडून या वस्तूची नावे गोळा करून घ्यावीत. गुजराती मुलगा 'चावी' सांगेल, बंगाली मुलगी 'चाबी'. 'व'च्या जागी 'ब' का, हे तिच्या भाषेतले आणखी चार शब्द विचारून मुलांनाच शोधू द्यावे.