केमोकाइन: नव्या रक्तवाहिन्यांचा अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक

केमोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना 'इकडे या' असा निरोप देणारी छोटी प्रथिने. पण त्यांचं काम तेवढंच नाही. त्यांच्या 'सीएक्ससी' गटातली काही प्रथिने नव्या रक्तवाहिन्या वाढवतात, तर काही ती वाढ रोखतात.

फरक कशात? बहुतेक वेळा फक्त तीन अमिनो आम्लांत. प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागात ग्लुटामिक आम्ल, ल्युसिन, आर्जिनिन हा क्रम (ईएलआर) असेल तर ते अ‍ॅक्सिलरेटर. उदा. सीएक्ससीएल८: ते रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींवरच्या सीएक्ससीआर२ या रिसेप्टरला चिकटतं. मग पेशी सरकतात, विभागतात आणि नवा फाटा फुटतो. ईएलआर नसलेली सीएक्ससीएल९ आणि १० सीएक्ससीआर३ मार्फत ब्रेक लावतात. अपवाद सीएक्ससीएल१२: ईएलआर नसूनही ते वाढच घडवतं.

जखम भरायला ही वाढ लागतेच. पण कर्करोगाची गाठही हीच यंत्रणा वापरते. नव्या रक्तवाहिन्यांशिवाय गाठ काही मिलिमीटरपुढे वाढत नाही, असं ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. म्हणून ही वाढ रोखणारी औषधं आली; पण व्हीईजीएफ हा वाढीचा दुसरा सिग्नल अडवणारं बेव्हासिझुमॅब ऑपरेशनच्या काही आठवडे आधी थांबवावं लागतं. नाहीतर जखमच नीट भरत नाही.