अंगणात गेलेली शाळा : चांगली बालवाडी कशाला म्हणायचं?

जून जवळ आला की घराघरात एक चर्चा सुरू होते : मुलाला कुठल्या नर्सरीत घालायचं? फी किती, बस आहे का, इंग्रजी बोलतात का, वर्गात एसी आहे का. या सगळ्या प्रश्नांत एक प्रश्न राहून जातो. बालवाडी चांगली आहे हे ओळखायचं कशावरून? आज त्याचं उत्तर आपण इतिहासात शोधणार आहोत, आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. डहाणू तालुक्यापर्यंत गेलं तरी पुरे.

पण सुरुवात रोमपासून करू, कारण धागा तिथून येतो. ६ जानेवारी १९०७ ला मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘बालकांचं घर’ सुरू केलं. आज माँटेसरी म्हटलं की आपल्याला महागडी शाळा आठवते. पहिली माँटेसरी शाळा मात्र कामगारांच्या चाळवजा इमारतीत होती. आईबाप दिवसभर कामावर, मुलं जिन्यात मोकाट. त्या मुलांकडे बघून माँटेसरीबाईंनी ओळखलं की मुलाच्या हाताच्या उंचीवर साधनं ठेवली, त्याला स्वतः निवडू दिलं आणि मोठ्यांनी मधे मधे लुडबुड केली नाही, तर तीन-चार वर्षांचं मूलसुद्धा तल्लीन होऊन काम करतं.

हा विचार आपल्याकडे आणला भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर उघडलं. पण माँटेसरीची पद्धत त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा, कल्पित गोष्टी फारशा पसंत नव्हत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्टींचा नुसता पाऊस पाडला! लोककथा, नाटुकली, गाणी, भटकंती, सगळं बालमंदिरात आलं. काठेवाडातलं मूल आजीच्या गोष्टी ऐकत वाढतं, मग शाळेच्या दारात ती गोष्ट काढून का ठेवायची?

१९२३ मध्ये या कामात ताराबाई मोडक आल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. पांढरपेशा वस्ती, हौशी पालक, सोबत शिक्षिका घडवणारं अध्यापन मंदिर. काम छान चाललं होतं. कुणीही म्हणालं असतं, बाई, आता इथेच थांबा.

ताराबाई थांबल्या नाहीत. त्यांना एक प्रश्न टोचत होता. ही साधनं, हे प्रशिक्षण, हा सगळा खर्च मूठभर शहरी मुलांसाठीच का? नई तालीमच्या विचारांचा प्रभाव होताच. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न बालपणीच झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीला आल्या तेव्हा वय ३५.

आता खरी गोष्ट सुरू होते. बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्त्यांमधली, पाड्यांवरची मुलं येईनात. का येईनात? घरात धाकटं भावंड असतं, त्याला सांभाळायचं असतं. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले असतात. अंगावर धड कपडा नाही आणि शाळा म्हणजे दुसऱ्या लोकांची जागा, अशी धास्ती.

इथे सोपं उत्तर तयार होतं : ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही.’ हे वाक्य आजही ऐकू येतं बघा. ताराबाई-अनुताईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही? मग शाळा मुलाकडे जाईल. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. जिथे मुलं खेळत होती, त्याच अंगणात बालवाडी भरू लागली. आधी आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी-गोष्टी-खेळ. ही अंगणवाडी!

आणि साधनं? माँटेसरीचे घोटीव लाकडी ठोकळे पाड्यावर कुठून आणणार? म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती ही साधनं झाली. पण तत्त्व सोडलं नाही हं. लहान-मोठं लावायचं, रंग ओळखायचे, जोड्या जुळवायच्या. हात आणि डोळे तेच काम करत होते, फक्त वस्तू गावातली होती आणि फुटली-हरवली तरी कुणी रागावणार नव्हतं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथे पुढची अडचण दिसली. बहीण शाळेत यायला तयार, पण कडेवर बाळ! मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी बहीण वर्गात. गुरं राखणारी मुलं येऊ शकत नव्हती, तर शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. प्रत्येक वेळी अडचण मुलाची होती आणि बदल शाळेने केला.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, हे काम सोडलं नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचं नाव पडलं अंगणवाडी. आज देशात अशा १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत.

नाव तर देशभर पोचलं. पद्धत पोचली का? योजनेत सहा सेवा आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी वगैरे, आणि त्यातली एक शालापूर्व शिक्षण. एकच ताई आहार वाटते, वजनं घेते, नोंदी भरते. गाणी-गोष्टींना उरलेला वेळ मिळतो. दुसऱ्या टोकाला शहरातली नर्सरी : तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल, समोर वर्कशीट. बोटांचे स्नायू अजून तयार नाहीत, पण वहीत ‘ए बी सी डी’ दिसली की पालक खूश. म्हणजे एकीकडे मुलासाठी वेळ नाही, दुसरीकडे मुलासाठी दम नाही.

तर मंडळी, यंदा बालवाडी बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं जरा बाजूला ठेवा. साधनं मुलाच्या हाताला येतात की कपाटात कुलपात आहेत, ते बघा. मूल स्वतः काही निवडतं का? घरची भाषा तिथे बोलली तर चालते का? आणि बाईंना एक प्रश्न जरूर विचारा : ‘एखादं मूल रोज रडतं, वर्गात रमत नाही, तर तुम्ही काय करता?’

‘सवय होईल हळूहळू’ एवढंच उत्तर आलं, तर अजून एखादी शाळा बघा. ‘आम्ही त्याच्यासाठी असं असं बदलून पाहिलं’ असं कुणी सांगायला लागलं, तर तिथे बसा, चहा घ्या आणि पूर्ण ऐका. फी, बस, एसीचं नंतर विचारता येईल.

भेटू पुढच्या भागात.