दिनविशेष : १८ डिसेंबर १९७६
सहा आकड्यांचा बुद्धिबळपट

कॅनडातील पीटर जेनिंग्ज यांनी 'मायक्रोचेस' या बुद्धिबळाच्या प्रोग्रामची पहिली प्रत १९७६ साली आजच्या दिवशी ग्राहकाला रवाना केली. घरगुती संगणकासाठी विकला गेलेला हा पहिला बुद्धिबळ प्रोग्राम मानला जातो. किंमत दहा डॉलर.

तो चालायचा 'किम-१' या उघड्या सर्किट बोर्डावर. त्याची स्मृती जेमतेम एक किलोबाइट, आणि त्यात जेनिंग्ज यांनी अख्खा खेळाडू ९२४ बाइटांत बसवला! पडद्यावर पट दिसायचा नाही, कारण पडदाच नव्हता. होते फक्त सहा लाल आकडे. '०एफ १३ ३३' असे उमटले की समजायचे : राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे आले. मग शेजारी मांडलेल्या लाकडी पटावर ते आपल्या हाताने सरकवायचे.

राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचे कॅसलिंग मायक्रोचेसला येत नसे. मुरलेला खेळाडू त्याला सहज हरवी, पण नवशिक्याला तो चांगलाच घाम फोडायचा. विचाराला किती वेळ द्यायचा तेही ठरवता येई. घाईत काही सेकंद, निवांत डाव असेल तर दीड-दोन मिनिटे. जेनिंग्ज यांचे खरे औदार्य मात्र यात, की प्रोग्रामची सगळी संहिता ते सोबत छापून देत. ती हाताने टंकता टंकता यंत्र चाल कशी निवडते हेही ग्राहकाला शिकता येई.

पुढे टीआरएस-८० आणि अ‍ॅपल-२ या घरगुती संगणकांवरही मायक्रोचेस आला आणि हजारोंनी खपला. त्याच कमाईतून १९७९च्या 'व्हिजिकॅल्क' या पहिल्या गाजलेल्या स्प्रेडशीटला भांडवल मिळाले.